बातुकोळी म्हणजे कोंबडी नव्हे

कन्नडमध्ये बदकाला ‘बातुकोळी’ म्हणतात. कोळी म्हणजे कोंबडी. येळ्ळूरच्या माझ्या मेहुण्याने या नावावर जरा जास्तच भरवसा ठेवला. शनिवारच्या बाजारातून सहा बदकं आणली, दुसऱ्याच दिवशी नाल्याकडेच्या भातात सोडली आणि मला म्हणाला, “दाजी, दिवेलागणीला कोंबड्यांगत येतात की आपोआप.” कोंबड्या आल्या. बदकं नाल्यातच राहिली. सकाळी मोजली तर पाच, आणि बांधावर मूठभर पिसं.

शेजारच्या आजींनी लिंबू उतरून टाकायला सांगितलं. त्या लिंबाचं सरबत केलं असतं तर निदान आमची तहान भागली असती. करणी बिरणी काही नाही, कोल्हा किंवा बाऊल (रानमांजर). पण कोंबडीला जे न शिकवता येतं ते बदकाला का येत नाही, हा प्रश्न चांगला आहे.

कोंबडीचं घरी येणं म्हणजे मालकावरची माया नव्हे. तिच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जास्त, अंधुक उजेडात कामी येणाऱ्या दंडपेशी कमी. तिन्हीसांजेला तिला दिसेनासं होतं. तिचे रानातले पूर्वज अशा वेळी फांदी गाठायचे, ती खुराड्यातला दांडा गाठते. बदकाचं तसं नाही. आपली बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली, आणि मॅलार्ड रात्रीही चरतं. चोचीत स्पर्श ओळखणारी मज्जाटोकं दाट असल्याने चिखलातला दाणा न बघता सापडतो. अंधार पडला म्हणून त्याचं काहीच अडत नाही. (मस्कोव्ही बदक यातून वगळा. ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं, झाडावर बसणारं.)

मग बदक झोपतं कसं? माझा जीव अडकलाय तो इथे. पक्ष्यांच्या डोळ्यांकडून निघालेल्या नसा जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात. डावा डोळा मेंदूच्या उजव्या अर्ध्याचा, उजवा डाव्याचा. बदक एक डोळा मिटतं तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूच्या अर्ध्या मेंदूत गाढ झोपेच्या संथ, मोठ्या लहरी उमटतात. उघड्या डोळ्याचा अर्धा मेंदू मात्र धड झोपलेलाही नसतो, धड जागाही नसतो. झोपेचे संशोधक नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी मॅलार्ड बदकं चार-चारच्या रांगेत झोपवून मेंदूचे आलेख घेतले आणि 1999 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापले. रांगेच्या टोकाची बदकं अशी अर्धी झोप मधल्यांच्या अडीच पट घेत होती, आणि उघडा डोळा बहुतेक वेळा रांगेबाहेरच्या बाजूचा! तेच बदक मध्ये आलं की ही राखण कमी व्हायची.

म्हणजे बदकाच्या लेखी सुरक्षित जागा दोनच: उघडं पाणी आणि आपल्या जातभाईंची मधली जागा. यात खुराडं कुठेच बसत नाही. ते सवयीनेच बसवावं लागतं.

पाच उरल्यावर आम्ही आठवडाभर त्यांना खुराड्यात आणि समोरच्या जाळीच्या आवारातच ठेवलं. मग पहिल्यांदा सोडलं ते संध्याकाळच्या खाण्याआधी, तासभरच, आणि उपाशी. संध्याकाळचा दाणा फक्त आत, सोबत पाण्याची बादली, कारण कोरडा दाणा बदकाला पाण्याशिवाय गिळवत नाही. दाणा टाकण्याआधी दरवेळी पत्र्याचा डबा वाजवायचा. हा रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हचाच धडा, खुणेचा आवाज झाला की खाणं येणार हा, त्याने कुत्र्यांना दिलेला. बुरशी लागलेली शेंगपेंड मात्र चुकूनही नको, तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने बदकं फार लवकर दगावतात. दारात अंधार असेल तर ती उंबऱ्यावर अडतात म्हणून आत छोटा बल्ब लावला. चढण रुंद आणि बेताची, कारण शिडी चढणं त्यांचं काम नव्हे. मागे राहिलेल्यांना पकडायला धावायचं नाही. दोन हात पसरून, लांब काठी आडवी धरून मागून सावकाश चालायचं. पुढचं वळलं की बाकीची वळतात. आणि वेळ घड्याळावर ठेवू नका. बेळगावात जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबर सरताना सहाच्या आसपासच.

मोबाइलवर ‘एका दिवसात बदक ट्रेन करा’ असे व्हिडिओ फिरतात. एका दिवसात शिकतं ते प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झच्या मागे फिरणाऱ्या पिल्लांसारखं, अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, आणि तेही पहिलं हलणारं जे दिसेल त्याच्या मागे जायला शिकतं. बाजारातून आणलेल्या मोठ्या बदकांचं ते वय केव्हाच सरलेलं असतं. आमच्या पाचांना अकरा दिवस लागले, त्यात एकदा पाऊस आला तेव्हा सगळं विसरून पुन्हा नाला.

बाराव्या रात्री मी बॅटरी घेऊन पाहायला गेलो. चार बदकं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पाचवं दाराकडच्या टोकाला. भिंतीकडचा डोळा मिटलेला, दाराकडचा सताड उघडा. मी हरखून मेहुण्याला हाक मारली आणि रॅटनबोर्गचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“ते राखण करतंय की तुमच्या बॅटरीला भ्यालंय, दाजी?”