विणणे : इंग्रजीतील ‘वीव्ह’ आणि ‘निट’

मराठीतल्या ‘विणणे’ या एका क्रियापदाचे काम इंग्रजीत मुख्यतः दोन क्रियापदे वाटून घेतात. सोलापुरी चादर ‘वीव्ह’ करतात, स्वेटर ‘निट’ करतात. फरक कृतीचा आहे. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतून, म्हणजे ताण्यातून, आडवा बाणा खालीवर ओवला की ते वीव्हिंग. सुयांवर किंवा यंत्रावर धाग्याचे फासे एकमेकांत अडकवत नेले की निटिंग. बनियन, मोजे, टी-शर्ट अंगाबरोबर ताणले जातात ते या फाशांमुळे.

टेरी टॉवेल मात्र फसवा. त्याच्या अंगभर सुताचे फासे दिसतात, म्हणून तो ‘निट’ वाटतो. पण ते फासे दुसऱ्या, सैल सोडलेल्या ताण्याचे असतात आणि खालचे कापड ताण्याबाण्याचेच असते. त्यामुळे टॉवेलही ‘वीव्ह’च.

बाज आणि टोपली विणणे हेही ‘वीव्ह’. क्रोशाच्या तोरणाला ‘क्रोशे’ हेच क्रियापद लागते. तिथे ‘निट’ म्हटले तर जाणकार बाई लगेच सुधारेल, आणि ते योग्यच. भिंतीवरचा कोळी मराठीत जाळे विणतो, इंग्रजीत तो बहुधा ‘स्पिन’ करतो, म्हणजे कातणे. सूतगिरणीच्या ‘स्पिनिंग मिल’मधले तेच क्रियापद. मोडलेले हाड सांधले जाते तेव्हा ‘निट’. ‘वीव्ह’ची भूतकाळी रूपे ‘वोव्ह’ आणि ‘वोवन’; पण नवी पेठेच्या गर्दीतून वाट काढत गेलेल्या मोटारसायकलीसाठी ‘वीव्ह्ड’.

सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर घरांत असा भेद आधीपासूनच आहे : कापडासाठी ‘नेयडम’, स्वेटरसाठी ‘अल्लडम’. तरी सीमा जुळत नाहीत. तेलुगूत टोपली आणि वेणीही ‘अल्लडम’मध्ये येते, इंग्रजीत टोपली ‘वीव्ह’कडे जाते आणि वेणीला ‘ब्रेड’ हे वेगळेच क्रियापद आहे. शब्दाला शब्द लावून पाठ करणे म्हणूनच कुचकामी ठरते.

जिथे मराठी स्वतःच भेद करते तिथे अडचण कमी येते : आणणे म्हणजे ‘ब्रिंग’, नेणे म्हणजे ‘टेक’. ‘ऐकणे’ एकच असल्याने ‘हिअर’ (कानावर पडणे) आणि ‘लिसन’ (कान देणे) यांत गल्लत होते. कपड्यांच्या बाबतीत दोन्ही भाषा भेद करतात, पण वेगळ्या रेषेवर. मराठी वस्त्र पाहते : इरकल साडी नेसायची, सदरा घालायचा. इंग्रजी क्रिया आणि स्थिती पाहते : अंगावर चढवणे ‘पुट ऑन’, अंगावर असणे ‘वेअर’. त्यामुळे ‘ती इरकल नेसते आहे’ याला ‘पुटिंग ऑन’ आणि ‘ती इरकल नेसली आहे’ याला ‘वेअरिंग’.