बधिर करणारी ट्यूब आणि निळे पडणारे ओठ

दाढ ठणकली की कोकणात आधी लवंग चावतात. तिच्यातल्या युजेनॉलने हिरडी खरोखरच बधिर होते, त्यामुळे ही नुसती आजीबाईची समजूत नव्हे. आता मात्र चिपळूण-कणकवलीच्या मेडिकलात बधिर करणारी जेल सहज मिळते, आणि दात येताना किरकिरणाऱ्या बाळाच्या हिरडीवरही कुणी ती बोटाने चोळतं.

या औषधांची सुरुवात 1884ची. व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. कोकेनची चटक लागते हे कळायला फार दिवस लागले नाहीत. 1890मध्ये जर्मनीत एडुआर्ड रिट्सर्ट यांनी बेन्झोकेन बनवलं, 1943मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन. आपल्याकडचं लिग्नोकेन ते हेच; विंचवाच्या दंशाचा ठणका शमवायलाही ते टोचतात.

गोम निघाली ती मुख्यतः बेन्झोकेन आणि प्रिलोकेन या आणखी एका बधिर करणाऱ्या औषधामध्ये. शरीरात त्यांचं विघटन होताना तयार होणारे पदार्थ हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप पालटतात. असं हिमोग्लोबिन, म्हणजे मेथहिमोग्लोबिन, प्राणवायू उचलतच नाही. एरवी ते 1 टक्क्याच्या आसपास असतं. 10-15 टक्क्यांवर ओठ-नखं निळसर पडतात, 70च्या पुढे सहसा जीव जातो. काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं, हवा लागली तरी लाल होत नाही. कोविडात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे फसतो: प्रमाण फार वाढलं की 85च्या आसपास अडकतो आणि ऑक्सिजन लावूनही हलत नाही.

गंमत म्हणजे उतारा औषधाहून जुना. मिथिलीन ब्लू हा रंग हाइनरिश कारो यांनी 1876मध्ये बनवला. आज तोच किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम शिरेतून देतात.

इशारे मात्र रेंगाळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2006 आणि 2011मध्ये सावध केलं, आणि दोन वर्षांखालच्या बाळांना दात येताना बेन्झोकेन नकोच, असं ठणकावलं ते 2018मध्ये. तोवर 1971पासूनच्या 400हून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या. माझ्या मते दुर्मीळपणानेच घात केला. एखाद्या डॉक्टरला आयुष्यात एखादीच केस दिसणार, तीही हृदयाची किंवा फुप्फुसाची वाटून जाणार.

जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्याला मिथिलीन ब्लू दिलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात. मलेरियावरच्या प्रायमाक्विनचा धोकाही तोच, त्यामुळे किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना हे नाव नवं नाही. घरच्यांनी मात्र कोणती ट्यूब, किती आणि केव्हा लावली ते आपणहून सांगायला हवं. लक्षणं काही मिनिटांपासून दोन तासांत कधीही दिसू शकतात.