तीस वर्षांचा कागद

इंदूरच्या रामबाग-नारायणबागेतल्या जुन्या मराठी घरांत वाटणीचा वाद निघाला की ट्रंकेच्या तळातून होळकरशाहीतला एखादा कागद वर येतो, बहुधा मोडीतला. लिहिणारा आणि साक्षीदार केव्हाच वारलेले. मग सही खरी, हे सांगणार कोण?

ही अडचण इंग्लंडच्या न्यायालयांना फार आधी जाणवली होती. कागद तीस वर्षं जुना आणि जिथे असायला हवा तिथून आलेला असेल, तर साक्षीदार मागायचा नाही, असा नियम तिथे रुळला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य राहिलेले जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी 1872 च्या पुरावा कायद्यात तो कलम 90 म्हणून घातला. कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. होळकर आणि शिंदे संस्थानं 1948 मध्ये ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात विलीन झाली आणि 1951 च्या एका कायद्याने पुरावा कायदा ब वर्गातल्या, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या, राज्यांना लागू झाला. कागद संस्थानी काळातला असला म्हणून बिघडत नाही. तीस वर्षं मोजतात ती तो पुराव्यात मांडला त्या दिवसापासून मागे.

घरोघरी गैरसमज होतो तो पुढेच. कोर्ट गृहीत ‘धरू शकते’, धरलेच पाहिजे असं नाही. धरलं तरी सही, हस्ताक्षर आणि साक्षांकन (साक्षीदारांच्या सह्या) एवढंच. मजकूर खरा ठरत नाही. ‘वाडा थोरल्याला दिला’ असं लिहिलेलं असलं, तरी देणाऱ्याला तो अधिकार होता का, हा प्रश्न उरतोच. शिवाय कागद मूळ हवा. नकलेवरून मूळ कागदाची सही गृहीत धरता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) 1935 मध्येच सांगितलं. मोडीचं देवनागरी लिप्यंतर वाचायला उपयोगी, पण मूळ कागदाची जागा ते घेत नाही. मृत्युपत्रालाही ही सवलत नाही (सर्वोच्च न्यायालय, 2009).

कागद कुणाच्या ताब्यातून आला, याबाबत मात्र कायदा उदार आहे. मालकाने नातेवाइकाकडे जपून ठेवायला दिलेले कागद त्या नातेवाइकाने हजर केले, तरी ताबा योग्यच, असं उदाहरण कलमातच होतं. म्हणजे काकांची ट्रंक चालते.

इंग्लंडने 1938 मध्ये तिसाची वीस वर्षं केली, उत्तर प्रदेशानेही 1954 मध्ये तेच केलं. 1872 च्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 92 मध्ये मात्र तीसच राहिली. शेजारच्या कलम 93 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीला पाच वर्षं पुरतात. मग कागदाचीही मुदत कमी करायला हरकत नव्हती.