आयर्लंडमधील पूर्वजांच्या दफनस्थळांचा शोध

आयर्लंड सोडून अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांचे वंशज मायदेशी राहिलेल्या पूर्वजांच्या कबरी हुडकतात. आयरिश वंशावळ-संशोधनातील हा बहुधा सर्वांत चिवट भाग. मृत्यूची सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली. तीत मृत्यूचे ठिकाण, कारण, वय आणि व्यवसाय सापडतो, पुरले कुठे ते मात्र नाही. कॅथलिक धर्मगुरू बाप्तिस्मा व विवाह टिपत; दफनाची नोंद क्वचितच ठेवीत. जुनी कबरस्ताने प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’कडे असल्याने त्या चर्चच्या दफनवह्यांत कॅथलिकांचीही नावे आढळतात, पण यादवी युद्धात, ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतसंकुलातील अभिलेखागार जळाले आणि यांतील अनेक वह्या नष्ट झाल्या.

त्यामुळे शोध माणसापेक्षा जमिनीवरून घ्यावा लागतो. कुटुंबाचे ‘टाउनलँड’, म्हणजे साधारण वाडीएवढा महसुली भाग, आधी निश्चित करतात. त्यासाठी ग्रिफिथचे मूल्यांकन (१८४७–६४) ही कुळे व जमीनमालकांची छापील यादी उपयोगी पडते. पुढे त्या परिसरातील जुने कबरस्तान पाहायचे. नवशिके इथेच चकतात: पूर्वजांचे लग्न लागले त्या चर्चच्या आवारातच ते शोधत बसतात. प्रत्यक्षात नवे कॅथलिक चर्च झाल्यावरही अनेक घराणी मध्ययुगीन चर्चच्या किंवा मठाच्या पडक्या भिंतींशेजारच्या आपल्या वडिलोपार्जित जागेतच दफन करीत राहिली. विवाहित स्त्री कधी कधी माहेरच्या कबरीत सापडते.

गरिबांच्या कबरीवर बहुधा अक्षर नसलेला शेतातला दगड असे. कोरीव लेखही झिजतात. म्हणून १८८८ मध्ये स्थापन झालेल्या स्मारक-जतन संस्थेने छापलेली लेखांची वाचने आज मूळ दगडापेक्षा अधिक कामाची ठरतात. महादुष्काळातील (१८४५–५२) बळींबाबत तर वैयक्तिक कबर मिळण्याची आशा थोडीच. नैऋत्य आयर्लंडमधील स्किबरीन गावाजवळच्या ॲबीस्ट्रूरी येथे हजारोंना सामूहिक खड्ड्यांत पुरले. बाप्तिस्म्याआधी दगावलेली अर्भके ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या जागी, नोंदीविना पुरली जात.

डब्लिनमध्ये वाट सोपी आहे. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेला नेता डॅनियल ओ’कॉनेल याच्या प्रयत्नांतून १८३२ मध्ये सर्व धर्मीयांसाठी खुल्या झालेल्या ग्लासनेव्हिन कबरस्तानाच्या दफनवह्या उपलब्ध आहेत.

भारतात वारलेल्या आयरिश सैनिकांचा माग लंडनमध्ये लागतो. बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील पाद्र्यांनी पाठवलेल्या दफननोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि १९२२ च्या आगीशी त्यांचा संबंध आला नाही.