वायू भरपूर, तारे मोजके

सिंह तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ५३ लाख प्रकाशवर्षांवर लिओ पी नावाची इवलीशी दीर्घिका आहे. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने हेरलेली ही दीर्घिका २०१३ मध्ये जगासमोर आली. तिच्यात सुमारे आठ लाख सूर्यांच्या वस्तुमानाएवढा हायड्रोजन आहे, म्हणजे ताऱ्यांपेक्षाही जास्त. तरीही एका सूर्याएवढा ऐवज ताऱ्यांत बदलायला तिला वीसेक हजार वर्षं लागतात. आपल्या आकाशगंगेत हे काम वर्षभरात उरकतं. या चालीने लिओ पीतला वायू विश्वाच्या आजवरच्या १३.८ अब्ज वर्षांतही संपला नसता.

ती काही एकटीच अशी नाही. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी साठएक फिकट बटू दीर्घिकांमधला हायड्रोजन टिपला, तेव्हाही हाच कंजूषपणा दिसला.

मग अडतं कुठे? तारा जन्मायला वायू थंड आणि दाट व्हावा लागतो. बटू दीर्घिकेचं गुरुत्व क्षीण, त्यामुळे वायू पसरट राहतो. त्यात धूळही कमी. धूलिकणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू बनवतात आणि तीच धूळ अतिनील किरणांपासून त्या रेणूंना आडोसा देते.

गंमत म्हणजे हीच धूळ उलटतेही. तरुण, तप्त ताऱ्यांचे अतिनील किरण धूलिकणांमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते इलेक्ट्रॉन वायू तापवतात आणि पुढचे तारे घडणं लांबतं. २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने बटू दीर्घिकांतला खरा लगाम हाच, अतिनवताऱ्यांचे (म्हणजे आयुष्य संपताना फुटणाऱ्या जड ताऱ्यांचे) स्फोट नव्हेत, असं मांडलं. वर्षभरातच दुसऱ्या गटाची संगणकीय प्रारूपं नेमकं उलट सांगू लागली.

माझा कल स्फोटांकडे आहे. जड तारे जन्मानंतर काही दशलक्ष वर्षांतच फुटतात आणि एवढ्याशा दीर्घिकेला तो धक्का पेलत नाही. वायू बाहेर फेकला जातो. त्यातला काही परततो, आणि ताऱ्यांचा जन्म पुन्हा उसळी घेतो. लिओ पीच्या ताऱ्यांनी आजवर जेवढा ऑक्सिजन बनवला, त्यातला जेमतेम पाच टक्के तिच्याकडे उरला आहे. बाकीचा केव्हाच बाहेर पडला.