ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचा अधिवास

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधली ठाणे खाडी म्हणजे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे चराईचे ठिकाण. येणाऱ्यांत धाकटा रोहित कितीतरी अधिक, थोरला त्यामानाने थोडा. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलात हे थवे नेमाने दिसू लागले. नोव्हेंबरच्या सुमारास ते येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. चांगल्या वर्षी त्यांची संख्या लाखावर जाते.

ओहोटीला पाणी उतरले की काळा चिखल उघडा पडतो आणि चराई सुरू होते. धाकटा रोहित मान वाकवून चोच पाण्यात उलटी धरतो आणि जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करत पाणी गाळतो. चोचीतल्या बारीक जाळीत नीलहरित शैवाल अडकते. पिसांचा गुलाबी रंग त्यातूनच येतो. हे शैवाल माजवण्यात महानगराच्या सांडपाण्याचाही वाटा असावा, असे पक्षीनिरीक्षकांत बोलले जाते. शिवडीच्या धक्क्यावर उभे राहून वास घेतला की ते सहज पटते.

२०१५ मध्ये ऐरोली ते वाशी या पट्ट्यातले सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य झाले. त्यातला निम्म्याहून अधिक भाग कांदळवन (खाऱ्या पाण्यातले खारफुटीचे जंगल) आहे. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कांदळवन तोडणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले होते. कागदावरचे संरक्षण एकंदरीत भक्कम आहे.

अडचण भरतीची. चिखल बुडाला की थव्यांना उभे राहायला घोट्याएवढे पाणी लागते. मग ते उडून नेरुळ-सीवूड्सची तळी, उरणजवळचे पांजे अशा पाणथळ जागी जातात. या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत आणि बांधकामाच्या दृष्टीने मोक्याच्या. त्यांवर थेट भराव टाकायचीही गरज नसते. भरतीचे पाणी आत आणणारी मोरी किंवा उघाडी बुजली की तळे आटते, नाहीतर शेवाळाने भरते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावाच्या बाबतीत हीच तक्रार होती. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात, मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले.

हवामानबदलाने हा पेच आणखी घट्ट होतो. समुद्र चढला तर कांदळवन आणि चिखलपट्टे जमिनीकडे सरकायला हवेत. पण मागे रस्ते, बंधारे, इमारती उभ्या आहेत. शिवाय गाळ साचून उंच झालेल्या चिखलावर तिवरे (कांदळवनातली झाडे) पसरतात आणि चराईची उघडी जागा आक्रसते. म्हणजे झाडे वाढली म्हणून पक्ष्यांचे भले झाले, असे इथे धरून चालत नाही. पक्ष्यांना उघडा चिखल, भरतीची तळी आणि दोन्हींमध्ये वाहते पाणी, हे सगळे एकाच दिवसात लागते.