तोंडापेक्षा मोठा घास

युरोपातल्या तळ्यांमध्ये क्रूशियन कार्प नावाचा मासा राहतो. घरच्या काचेच्या टाकीतला गोल्डफिश याचाच जवळचा भाऊबंद. वेगवेगळ्या तळ्यांतले याचे दोन नमुने शेजारी ठेवले, तर एक निमुळता, सडपातळ. दुसरा पाठीला उंच कमान आलेला, बाजूने पाहिला तर थाळीसारखा. जुन्या निसर्ग-अभ्यासकांना या दोन वेगळ्या प्रजाती वाटल्या, यात त्यांची चूक काढण्यासारखं काही नाही. माशाची प्रजाती मात्र एकच. फरक शेजाऱ्याचा.

तो शेजारी म्हणजे पाईक. लांबुळक्या तोंडाचा, दबा धरून झडप घालणारा हा शिकारी मासा भक्ष्य चावून खात नाही, अख्खं गिळतो. त्यामुळे त्याचा जबडा जेवढा उघडतो, तेवढीच त्याची मर्यादा. पाईक असलेल्या तळ्यात कार्प उंच आणि थोडे, पाईक नसलेल्यात बारके आणि गर्दीने.

स्वीडनमधले ख्रिस्टर ब्रोनमार्क आणि अमेरिकेतले जेफ्री मायनर या संशोधकांनी १९९२ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात यावरचा प्रयोग मांडला. तळ्याला मधोमध आडपडदा घातला, दोन्हीकडे कार्प सोडले आणि एकाच बाजूला पाईक. जेमतेम १२ आठवड्यांत पाईकच्या बाजूचे मासे अधिक उंच झाले होते. सडपातळ मासे खाल्ले गेले आणि उंच तेवढे उरले, असं म्हणावं, तर टाकीत वाढवलेल्या माशांनीही तेच केलं. म्हणजे हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या निवडीचा परिणाम नव्हता. जिवंत मासाच आपला आकार बदलत होता.

पण शिकारी आलाय हे त्याला कळतं कसं? वासावरून. त्यातही गंमत अशी, की किडे खाऊन राहिलेल्या शिकारी माशाच्या वासाने मासा फारसा बदलत नाही. ज्या पाईकने कार्प खाल्लेत, त्याच्या वासाने बदलतो. शत्रू कोण यापेक्षा तो काय जेवला, याची चौकशी आधी!

उंच मासा गिळायला पाईकला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरा पाईक येऊन हातातोंडाशी आलेला घास पळवू शकतो. त्यामुळे मिळाला तर तो सडपातळ मासाच पसंत करतो. शिवाय उंच अंगात स्नायू जास्त, म्हणून निसटण्याची उडीही जोरकस, हे पुढे २००८ मध्ये दिसून आलं.

मग सगळेच उंच का नसतात? कारण असं अंग पाणी कापायला महाग पडतं. गर्दीच्या, अपुऱ्या अन्नाच्या तळ्यात ही उधळपट्टी परवडत नाही. उलट पाईक गर्दी कमी करतो, उरलेल्यांना पोटभर मिळतं आणि पोटभर खाऊनही मासा उंच होतो. भीती आणि भरलेलं पोट यांचा वाटा वेगळा काढणं म्हणूनच किचकट.

काही तळ्यांत पाईक नसण्याचं कारण मला सगळ्यात भारी वाटतं. हिवाळ्यात उथळ तळ्यावर बर्फ जमतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पाईक मरतो. कार्प मात्र तग धरतो. प्राणवायूविना ऊर्जा मिळवताना शरीरात साचणारं लॅक्टिक आम्ल तो अल्कोहोलमध्ये बदलतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. तेव्हा त्याच्या १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असू शकतं. आपल्याकडे ३० च्या पुढे गेलं, की गाडी चालवणं गुन्हा ठरतो.